परवाना गेला तर चूल कशी पेटायची?

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग लाखनीवरून जातो. जुने लोक त्याला अजून सहा नंबरचाच रस्ता म्हणतात, कागदावर तो आता 53 नंबरचा झाला आहे. या रस्त्यावर ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर चालवून आपले कितीतरी बांधव संसार ओढतात. धानाच्या हंगामात तर रात्र-रात्र फेऱ्या चालतात. मग एखाद्या रात्री पोलिसांची शिट्टी वाजते आणि यंत्र तोंडापुढे येते.

बंधू-भगिनींनो, आम्ही पिणाऱ्याची बाजू मांडायला बसलेलो नाही. विहारात आपण पाचवे शील घेतो ते विसरण्यासाठी घेत नाही. पण पकडला गेलेला माणूस प्यायलेला होता की नव्हता, हे पुराव्याने ठरायचे असते. आणि तो प्यायलेला असला तरी त्याचे हक्क संपत नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका चालकाचे उदाहरण सांगतो. कोर्टात उभा राहिला, ‘कबूल’ म्हणाला, दंड भरला आणि सुटलो म्हणून घरी आला. परवानाही गेला हे त्याला नंतर कळले. हंगाम सुरू होता, मालकाने दुसरा माणूस ठेवला. दंडाची रक्कम तो उसनवारीने फेडू शकला असता, हंगामाची मजुरी कोण उसनी देणार?

कायदा नीट समजून घेऊ. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 185 वे कलम सांगते की 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले तर गुन्हा होतो. दुचाकी असो, ट्रॅक्टर असो, कलम एकच. ‘एक गिलास चालते’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मोहाच्या दारूत जोर किती हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसते. 2019 च्या दुरुस्तीपासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. याशिवाय 20 वे कलम आहे. दोषी ठरलेल्याला किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवावे, असे ते न्यायालयाला बजावते. म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय ‘कबूल’ म्हणू नये. आज कबूल केलेला गुन्हा पुढच्या वेळी ‘दुसरा गुन्हा’ म्हणून अंगावर येतो.

हा गुन्हा रस्त्यावर तडजोडीने मिटत नाही, तो न्यायालयातच जातो. जागेवर कोणी ‘इतके दे आणि जा’ म्हणाला, तर ती रक्कम दंड नव्हे, हे ओळखा.

यंत्रात फुंकायला मात्र नकार देऊ नका. नकार दिला तर अटक होऊ शकते, आणि 205 व्या कलमाप्रमाणे तो नकारच तुमच्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. फुंका, आकडा स्वतः पाहा, छापील चिठ्ठी मागा, वेळ लक्षात ठेवा. आकडा चुकीचा वाटला तर रक्ततपासणीची मागणी लेखी करा. अटक झालीच तर 202 वे कलम आठवा. अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर कोठडीतून सोडावे लागते. (सोडले म्हणजे खटला संपला असे नव्हे.) स्त्रीचे रक्त स्त्री डॉक्टरने किंवा दुसऱ्या स्त्रीच्या समक्षच घ्यायचे आहे.

रक्ततपासणीला इतके महत्त्व का? 1971 साली सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातलेच बचूभाई करयानी यांचे प्रकरण गेले होते. तोंडाला वास येत होता, चाल अडखळत होती, बोलणे असंबद्ध होते, एवढ्यावर डॉक्टरने दारूचा निष्कर्ष काढला होता, रक्त-लघवी तपासलीच नव्हती. न्यायालयाने तेवढा पुरावा पुरेसा मानला नाही. पुढे सलमान खान यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये निर्दोष ठरवताना रक्ताच्या नमुन्याच्या पुराव्यावर शंका घेतली. नमुना कोणी घेतला, किती वाजता, कुठे ठेवला, कोणाच्या हातून प्रयोगशाळेत गेला, हे प्रश्न मोठ्या फीचे वकील विचारतात. आपल्या माणसाच्या खटल्यातही ते विचारता येतात.

फी कुठून आणायची? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमाने अनुसूचित जातींना, स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. 1990 मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही त्यात समावेश झाला, तेव्हा हा हक्क आपलाही आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

अटक झालेल्याला कारण सांगावे, वकिलाला भेटू द्यावे, 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यावे, हे घटनेचे 22 वे कलम. 15 सप्टेंबर 1949 रोजी संविधान सभेत ते बाबासाहेबांनीच मांडले, हे आपल्या मुलांनाही सांगावे. 185 चा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीनदार आठवडाभर मिळाला नाही तर त्या माणसाला गरीब समजून जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे.

आता दुसरी बाजू. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडवर अ‍ॅलिस्टर परेरा याची मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. त्याच्या रक्तात मद्य सापडले होते. खालच्या न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांची केली आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सात कष्टकऱ्यांच्या जिवाला तीन वर्षे! रस्त्यावर चालणारा, झोपणारा, सायकलवर कामाला जाणाराही आपलाच. असा घाव घरावर आला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. तिथेही मोफत वकील मिळतो.

मायबहिणींनो, रात्री निरोप आला तर रडत बसू नका. अटक किती वाजता झाली ते विचारा, अटकेचा पंचनामा झाला का ते विचारा, नातेवाइकाला कळवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. जातीचा दाखला आणि परवान्याची झेरॉक्स घरात एका पिशवीत ठेवा, आणि त्याच पिशवीवर विधी सेवेचा फोन नंबर लिहून ठेवा: 15100.