मृगापूर्वी माळवदाची तपासणी

रोहिण्या निघाल्या की शेतकऱ्याची तपासणी सुरू होते. बियाण्याची उगवण पाहिली जाते, पाभरीचे फण पारखले जातात, बैलांचे खूर बघितले जातात. परंतु ज्या छपराखाली त्याचे सर्व कुटुंब पावसाळाभर झोपणार असते, त्याची परीक्षा क्वचितच होते. गेल्या वर्षी गळले म्हणून चार पाट्या माती वर टाकली, एवढ्यावरच बहुधा काम संपते. ही पाटीभर मातीच पुढे घातक ठरू शकते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणेशविसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. त्यात हजारो माणसे दगावली. भूकंपाचा धक्का फार प्रचंड नव्हता. परंतु घरांच्या भिंती मातीत रचलेल्या दगडगोट्यांच्या होत्या आणि माथ्यावर मातीचे जाड थर होते. भिंती ढासळल्या आणि तो भार निजलेल्या माणसांवर कोसळला.

माळवदाची रचना मुळात सदोष नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर पांढरीची माती, अशा छपराखाली उन्हाळ्यात गारवा राहतो. दोष आहे तो दरवर्षी जुना थर न काढता नवा चढविण्यात. याचा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा. चार मीटर लांब व तीन मीटर रुंद अशा खोलीवर दोन सेंटिमीटर जाडीचा थर दिला, तर कोरड्या मातीचेच वजन जवळजवळ चार क्विंटल भरते. थर 50 सेंटिमीटरपर्यंत वाढला म्हणजे तुळयांवर सुमारे 96 क्विंटल भार येतो. पावसात भिजल्यावर तो आणखी वाढतो.

तपासणीसाठी गावातील अनुभवी सुतार व गवंडी या दोघांनाही बोलवावे. लाकडाचे दुखणे सुतारास कळते, तर भिंतीचे गवंड्यास. प्रथम घराच्या आतून पाहणी करावी. तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते, तेथे ओल धरते व वाळवी लागते; ही जागा सहसा नजरेआड राहते. तेथे सळईने टोचून पाहावे. सळई सहज आत शिरली किंवा हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर लाकूड आतून गेले असे समजावे. तुळईच्या दोन्ही टोकांस दोरी ताणून धरली असता मध्यभागी आलेला झोळ दिसून येतो. तो मोजून भिंतीवर वर्षासह लिहून ठेवावा. पुढील वर्षी तो वाढल्याचे आढळले, तर त्वरित टेकू द्यावा आणि तुळई बदलण्याची व्यवस्था करावी.

भिंतीस ओळंबा लावून ती पोटात फुगली आहे काय, कोपऱ्यांत उभ्या भेगा गेल्या आहेत काय, हेही बघावे. अशी भिंत केवळ बाहेरून लिंपून घेणे म्हणजे रोग झाकणे होय. शंका वाटल्यास जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातील अभियंत्याचा सल्ला घ्यावा आणि तोपर्यंत त्या खोलीत कोणीही झोपू नये.

यानंतर माळवदावर दोन-तीन ठिकाणी सळई खुपसून मातीची जाडी मोजावी. ती 20 सेंटिमीटरहून अधिक असल्यास वरची माती काढावी. 50 सेंटिमीटरचा थर 20 वर आणला, तर वर सांगितलेल्या खोलीवरील भार सुमारे 96 क्विंटलवरून 38 क्विंटलवर येतो. माती काढताना मात्र घाई करू नये. खाली माणसे व जनावरे नसावीत; वर गर्दी करू नये; काढलेली माती एका जागी ढीग न लावता लगोलग खाली उतरवावी; आणि थर सर्व बाजूंनी सारखा कमी करीत जावे. आतून विजेच्या तारा गेल्या असतील, तर मुख्य बटण आधी बंद करावे.

थर पातळ केल्यास छप्पर गळेल, ही भीती स्वाभाविक आहे. परंतु पाणी अडते ते मातीच्या जाडीमुळे नव्हे, तर योग्य उतारामुळे व भेगा बुजविल्यामुळे. उंदरांची बिळे व गवताची मुळे काढून टाकावीत, पातळ थराखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, वरची माती चोपून घट्ट करावी आणि पन्हळी भिंतीपासून दूर पाणी सोडतील अशा बसवाव्यात. माळवदावर कडब्याच्या गंजी किंवा दगड रचून ठेवू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वैशाखातच गावातील माळवदी घरांची यादी करावी. ज्या घरी वृद्ध माणसे एकटी राहतात किंवा कर्ता पुरुष कामासाठी परगावी गेला आहे, त्या घरांचा क्रम पहिला लावावा. माती उतरविण्याचे काम इरजिकीने केल्यास एका कुटुंबावर ओझे पडत नाही.

उतरविलेल्या मातीचा ढीग अंगणात पाहिला म्हणजे आजवर डोक्यावर काय होते, हे घरच्यांना न सांगता उमजते. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी तो ढीग अंगणात आलेला बरा.