सबटायटल बरोबर, पण वेळ चुकली? समजून घ्या टाइमकोडचं गणित

विनोद ऐकू येण्याआधीच तो खाली वाचून झाला आणि हसायची मजाच गेली, असं तुमच्यासोबत कधी झालंय? अशा वेळी भाषांतर बहुतेकदा ठीकच असतं. चुकलेला असतो टाइमकोड.

टाइमकोड म्हणजे काय?

सबटायटलची एसआरटी फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते. प्रत्येक सबटायटलचे तीन भाग असतात: अनुक्रमांक, वेळ आणि मजकूर. वेळ अशी दिसते:

००:०१:१२,५०० --> ००:०१:१५,०००

म्हणजे १ मिनिट साडेबारा सेकंदांनी ओळ दिसेल आणि अडीच सेकंदांनी जाईल. स्वल्पविरामानंतरचे आकडे मिलिसेकंदांचे. इथे समजण्यासाठी आकडे मराठीत दिलेत. फाइलमध्ये मात्र ते इंग्रजीच ठेवायचे. अख्खी फाइल भाषांतराच्या टूलमध्ये टाकली की कधी आकडे बदलतात, कधी बाण तुटतो आणि सबटायटल दिसतच नाही. सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

मराठीत अडचण कुठे येते?

आपलं क्रियापद आणि 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं. नायिका म्हणते, "मी तुझ्याशी लग्न करणार..." आणि थोडं थांबून, "नाही!" इंग्रजीत हे एकाच ओळीत लिहिलं, तर तिचा नकार ती बोलायच्या आधीच कळतो. म्हणून एका सबटायटलचे दोन करायचे आणि दुसरं बरोबर 'नाही'च्या क्षणी सुरू करायचं.

दुसरा प्रश्न वाचायला मिळणाऱ्या वेळेचा. नेटफ्लिक्सच्या नियमांत एक सबटायटल जास्तीत जास्त ७ सेकंद आणि दोनच ओळींचं असतं. वाक्य वेळेत बसत नसेल, तर अर्थ राखून शब्द कमी करायचे.

सबटायटल मागे-पुढे का होतात?

सगळ्या ओळी सारख्याच, समजा २ सेकंद, उशिरा येत असतील तर सगळे टाइमकोड २ सेकंद मागे घ्या. पण सुरुवातीला जुळतंय आणि पुढे फरक वाढत जातोय, तर फ्रेम रेट तपासा. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओसाठी बनवलेली फाइल २३.९७६ फ्रेमच्या व्हिडिओला लावली, तर तासाभरात सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो. 'सबटायटल एडिट'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही दुरुस्त्या होतात.

हे एवढं महत्त्वाचं का?

ऐकू येणाऱ्याला चुकलेली वेळ फक्त खटकते. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी मात्र कोण काय बोललं हेच बदलतं. त्यामुळे व्हिडिओ पोस्ट करण्याआधी एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा. गोष्ट नीट कळली, तर तुमचे टाइमकोड जमलेत.