म्यान कुठलं, पातं कुठलं

सकाळी साडेनऊ. संग्रहालयाचं भांडारघर उघडलं की आधी भिंतीवरचा आर्द्रतामापक बघायचा. पावसाळ्यात हवा कोरडी ठेवणारं यंत्र एक रात्र जरी बंद पडलं, तरी लोखंडावर गंज आणि चामड्यावर बुरशी धरते. मग मास्क आणि हातमोजे. जुन्या संग्रहांत कीड लागू नये म्हणून चामड्याच्या, पिसांच्या वस्तूंना आर्सेनिक लावायची पद्धत होती. शिवाय आमच्याकडे अरुणाचलातले काही भाते आहेत. अदी आणि मिश्मी शिकारी बाणाच्या टोकाला बचनागाचं विष लावत. इतक्या वर्षांनी त्याची ताकद गेली असेल असं मी धरून चालत नाही. भाता उघडायचा तो दोघांनी मिळूनच.

दहा वाजता टेबलावर येतो एक दाओ, तलवारीसारखं शस्त्र. पुण्यातल्या एका कुटुंबाने दिलेला. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय, ‘नागा तलवार’. पातं मुठीकडे अरुंद, टोकाकडे रुंद होत गेलेलं, आणि टोक जवळजवळ आडवं कापलेलं. धार एकाच अंगाने घासून काढलेली, सुताराच्या पटाशीसारखी. इथवर चिठ्ठी बरोबरच वाटते. ‘आदिवासी शस्त्र, ईशान्य भारत’ असं लिहून वस्तू कपाटात ठेवली जाते ती नेमकी याच टप्प्यावर. पण अशी पाती पटकाई डोंगररांगेच्या दोन्ही उतारांवर वापरात होती. शिवाय पातं एका गावचा लोहार करतो आणि वापरतो दुसऱ्याच गावचा माणूस. कोन्याकांचे लोहार तर त्यासाठी नावाजलेले. त्यामुळे मी पातं बाजूला ठेवते आणि म्यान हातात घेते.

म्यान म्हणजे एकच फळी, तिच्यात पात्याच्या मापाची खाच, एक अंग उघडं, वरून वेताचे वेढे. आणि त्याला जोडलेलं वेताचं मोठं कडं. माझ्यासाठी हे कडं सगळ्यात बोलकं. नागा माणूस दाओ कमरेच्या मागे, पट्ट्यात अडकवलेल्या लाकडी खोबणीत ठेवतो. हे कडं कमरेचं नव्हेच. ते डोक्यावरून घालून एका खांद्यावरून तिरकं छातीवर घ्यायचं असतं. ही चाल बर्मातल्या काचिनांची आणि इकडच्या बाजूला त्यांचेच भाऊबंद असलेल्या सिंगफोंची. शेजारच्या खामतींकडेही अशी म्यानं दिसतात. भिंगाखाली कड्याची आतली बाजू बघितली. बाहेरच्या बाजूला वेताचे पीळ अजून खरखरीत आहेत, पण आत जिथे खांदा लागतो तिथे वीतभर भाग गुळगुळीत, तपकिरी झालाय. विकायला म्हणून केलेल्या वस्तूवर अशी झीज नसते. हे कुणीतरी वर्षानुवर्षं अंगावर वागवलंय. कड्याचे फोटो मी स्वतः काढले, पट्टी शेजारी ठेवून, सगळ्या बाजूंनी. पात्याचे फोटो सगळेच काढतात.

साडेअकराला त्या घरच्या काकांना फोन. त्यांचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९४४ मध्ये इम्फाळच्या आघाडीवर.

“काका, आप्पांची पत्रं, फोटो काही सापडलं का?”

“एक फोटो आहे. पण त्यात तलवार नाही हो.”

“नसू दे. मागे काही लिहिलंय का, बघाल?”

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “शाई पुसट आहे. मुलाला वाचायला सांगतो. म्हणजे ती नागांची नव्हे का? आई तर सगळ्यांना नागांची म्हणून दाखवायची.”

“म्यानावरून काचिनांकडची वाटते. पण आई काय सांगायच्या, तेही नोंदीत येणार आहे, काका.”

आणि ते यायलाच हवं. १९४४ च्याच मार्चमध्ये मराठ्यांची चौथी बटालियन ज्या सांगशाकला लढली, ते तांगखुल नागांचं गाव. आजूबाजूला नागा वस्ती, तेव्हा हाती आलेलं शस्त्र नागांचं, हे घरात ठरून गेलं असणार. पुढे आपलं सैन्य बर्मात उतरलं, तिथे काचिन पथकंही लढत होती. दाओ कुठे हाती लागला हा एक प्रश्न आणि तो कुणी केला हा दुसरा. आमच्या नोंदवहीत दोन्हींसाठी एकच रकाना होता. मी भांडून दोन करून घेतले.

जेवण दीडला, तेही घाईत, कारण धनुष्य बाहेर काढून ठेवलं होतं.

हे एका जुन्या शाळेच्या संग्रहातलं. त्यावर चिठ्ठी ‘पॅसिफिक बेटे’. धनुष्याची दोन्ही पाती रुंद, वल्ह्यासारखी चपटी, मधली मूठ बारीक, आणि एक पातं एकीकडे तर दुसरं उलटीकडे वळलेलं. सोबतच्या बाणांना पिसं नाहीत. एका बाणाचं लोखंडी टोक दांड्यातून निसटतं, पण दोरीने त्याला बांधलेलं राहतं: डुकराला बाण लागला की टोक आत रुततं, दांडा मागे फरफटत झुडपात अडकतो, डुक्कर लांब पळू शकत नाही. ही ग्रेट अंदमानी लोकांची करणी. लिटल अंदमानातल्या ओंगेंचं धनुष्य साधं, असं वळणाचं नसतं. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांच्या अंदमानींवरच्या १९२२ च्या ग्रंथाच्या परिशिष्टात हा भेद नीट मांडलेला आहे. ते पान उघडून मी वळण, मूठ, खाचा एकेक करून ताडून बघते.

इंग्रजांनी १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला वसाहत केली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. १९६१ च्या जनगणनेत उरले १९. ज्यांची एवढी माणसं गेली, त्यांच्या हातची वस्तू भलत्याच महासागराच्या नावावर पडून राहावी, याचा मला मनापासून त्रास होतो. जुनी चिठ्ठी मी फेकत नाही, तीही पुरावाच आहे. पण फलकावर आता ग्रेट अंदमानी हेच नाव लागेल.

चार वाजता चहा घेऊन आमचा प्रशिक्षणार्थी येतो. तो सातपुड्यातल्या धडगावचा, भिल्ल. ‘मध्य भारत’ एवढंच लिहिलेला एक तीरकामठा त्याच्यासाठी राखून ठेवला होता.

“मॅडम, ही दोरी नाही. बांबूची चीप आहे. आमच्याकडं हीच लावतात.”

“संथाळही लावतात ना?”

“लावत असतील. पण ही गाठ बघा.” चिपेच्या टोकाचा सुतळीचा फास त्याने न सोडता, हवेतच बोटांनी बांधून दाखवला. मी व्हिडिओ घेतला. एवढ्यावर ‘भिल्ल’ असं निश्चित लिहिता येणार नाही, पण धडगावात अशीच गाठ बांधतात हे आजपासून नोंदीत आहे. तो दिवाळीला घरी जाईल तेव्हा आजोबांना फोटो दाखवणार आहे. माझ्या कपाटातल्या पुस्तकांत ही गाठ नाही.

पाच ते साडेसहा लिखाण. अंदमानच्या धनुष्यापुढे ‘निश्चित’. कामठ्यापुढे ‘संभाव्य: भिल्ल, सातपुडा’. दाओला जास्त वेळ लागला. शेवटी असं लिहिलं: ‘करणी: म्यानावरून काचिन किंवा सिंगफो, खामती शक्यता खुली, पातं स्वतंत्रपणे तपासावं. प्राप्ती: इम्फाळ-बर्मा आघाडी, १९४४ किंवा नंतर, कुटुंबाच्या सांगण्यानुसार नागा.’ एका शब्दात उत्तर हवं असणाऱ्या प्रदर्शन विभागाला हे आवडणार नाही. उद्या सकाळी त्यांच्याशी बैठक आहे, तिथे मी कड्याचे फोटो घेऊन जाणार आहे.