दीडशे मायक्रॉनचं कवच

सहा महिने वापरलेल्या गाडीत बसा, गिअरच्या भोवतीच्या काळ्या चकचकीत पट्टीवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि नीट पाहा. समोरून स्वच्छ, झळझळीत दिसणारी ती पट्टी बारीक गोलाकार ओरखड्यांच्या जाळ्याने भरलेली दिसेल. काही ठळक रेघा किल्लीच्या, अंगठीच्या किंवा चार्जिंगच्या केबलच्या असतात. बाकीचं सगळं जाळं बहुतेक वेळा आपल्याच हातचं असतं. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसण्याच्या चांगल्या सवयीतून ते आलेलं असतं.

या प्लॅस्टिकला कंपन्या पियानो ब्लॅक म्हणतात. शोरूमच्या दिव्यांखाली ते देखणं दिसतं, म्हणून दरवर्षी ते गाडीत जास्त जागा व्यापतं आहे. त्याच्या जोडीला स्क्रीनही वाढले. चाकणला तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये सव्वादहा इंचांचे दोन स्क्रीन शेजारी शेजारी आहेत. एक्सईव्ही ९ई मध्ये १२.३ इंचांचे तीन. टाटाच्या नेक्सॉनमध्ये २०२३ च्या बदलानंतर एसीसाठी स्पर्शाने चालणारं काळं, गुळगुळीत पॅनेल आलं. जिथे पूर्वी खडबडीत करडं प्लॅस्टिक आणि चार गोल बटणं होती, तिथे आता बोटांचे ठसे आणि ओरखडे दिसतात. म्हणून गाडीच्या रंगावर लावली जाणारी पारदर्शक संरक्षक फिल्म, बाजारात जिला सरसकट ‘पीपीएफ’ म्हणतात, ती आता दाराच्या आतही आली आहे. ती कुठे लावावी आणि कुठे लावू नये, हे आधी ठरवलं तर पैसे वाचतात आणि गाडीही.

ओरखडे पडतात कशाने, ते आधी पाहू. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूच्या जातीचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस मापावर क्वार्ट्झ ७ वर येतं, आपलं नख अडीचच्या आसपास आणि साधी काच साडेपाचच्या. डॅशबोर्डवरचं प्लॅस्टिक काचेच्या कितीतरी खाली. त्यामुळे कोरडं फडकं फिरवलं की ते कण प्लॅस्टिकवर दाबून घासले जातात. मायक्रोफायबर कितीही महागाचं असलं तरी त्याखालची धूळ मऊ होत नाही. काळा रंग आणि आरशासारखी चमक हे दोन्ही एकत्र आले की प्रत्येक रेघ उजेडात वेगळी उठून दिसते. तोच ओरखडा करड्या, दाणेदार प्लॅस्टिकवर डोळ्यांना कळतही नाही.

या फिल्मचा उगम लष्करी आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांची कड वाळूने झिजत असे. तिच्यासाठी अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची चिवट फिल्म आणली. पुढे ती शर्यतीच्या गाड्यांवर आणि मग सामान्य गाड्यांवर आली. आज चांगल्या प्रतीची फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, म्हणजे टीपीयूची असते आणि साधारण दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाडीची. तिच्या वरच्या थराला ऊब मिळाली की त्यावरचे बारीक ओरखडे भरून येतात. विक्रेते याला ‘सेल्फ हीलिंग’ म्हणतात आणि यात तथ्य आहे, पण मर्यादेतलं. फडक्याची जाळी उन्हात उभ्या गाडीत आपोआप नाहीशी होते. किल्लीने आरपार गेलेला चिरा मात्र कधीच भरत नाही.

दुकानात मात्र टीपीयूच्या नावाखाली बरंच काही विकलं जातं. सर्वांत स्वस्त असते पीव्हीसी. ती मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. उष्णतेने ते हळूहळू बाहेर पडतं. मग फिल्म कडक होते, आकसते, पिवळी पडते आणि कडांना डिंक उघडा पडून त्यावर धूळ बसते. नव्या गाडीच्या समोरच्या काचेवर आतून जो तेलकट धूसर थर येतो, त्यातही अशाच द्रव्यांचा वाटा असतो. टीपीयूमध्येही दोन जाती आहेत: अॅरोमॅटिक उन्हाने पिवळी पडते, अॅलिफॅटिक बराच काळ पारदर्शक राहते. दुकानदाराला हा एवढा एक प्रश्न विचारावा. त्याला उत्तर माहीत नसेल तर फिल्मचा एक वाया गेलेला तुकडा मागून घ्यावा आणि दोन्ही हातांनी ताणून पाहावा. टीपीयू रबरासारखी ताणली जाते आणि सोडली की सावकाश पूर्वीच्या मापाला येते. पीव्हीसी ताणलेलीच राहते. पीईटी, म्हणजे साध्या स्क्रीन गार्डचं प्लॅस्टिक, हाताने ताणलंच जात नाही.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे जास्तच महत्त्वाचा आहे. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी उन्हात उभ्या गाड्यांची मोजमापं घेतली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. चाळिशीच्या आसपासच्या हवेत तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापला होता, स्टिअरिंग ५३ अंशांपर्यंत. सावलीतल्या गाडीत डॅशबोर्ड ४८ अंशांच्या आसपास राहिला. नागपूर, अकोला, जळगावचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना हे आकडे परके वाटणार नाहीत. घरात टेबलावर वर्षानुवर्षं टिकणारी फिल्म गाडीत दोन उन्हाळ्यांत का सडते, याचं उत्तर या आकड्यांत आहे. म्हणून मोबाइलच्या दुकानातला रोलमधून कापलेला तुकडा गाडीत लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्क्रीनचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यातून पाहायचंही असतं. स्पर्शाला अडचण नाही. बोटामुळे विद्युत क्षेत्रात होणारा बदल स्क्रीनला एवढ्या पातळ थरातूनही कळतो. अडचण दिसण्याची आहे. मॅट फिल्म उजेड विखुरते, त्यामुळे मोठं सनरूफ असलेल्या गाडीत दुपारी स्क्रीनवर आकाश दिसत नाही आणि ठसेही लपतात. पण त्याच विखुरण्याने नकाशावरची बारीक अक्षरं दाणेदार होतात, आणि रात्री रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र थोडं मळकं वाटतं. ज्यांचा प्रवास दिवसा आणि उघड्या रस्त्यांवर, त्यांनी मॅट घ्यावी. चष्मा लावून नकाशा वाचणाऱ्यांनी पारदर्शक.

आणखी एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. एलसीडी स्क्रीनमधून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, पोलराइज्ड गॉगलही ठरावीक दिशेचाच प्रकाश आत सोडतो आणि पीईटी फिल्म मध्ये आली की त्या प्रकाशाची दिशा फिरवते. मग स्क्रीनवर इंद्रधनुष्यी पट्टे दिसतात किंवा तो काळपट पडतो. तुम्ही असा गॉगल लावून गाडी चालवत असाल तर फिल्म घेण्याआधी तिचा नमुना मोबाइलच्या स्क्रीनवर धरा, गॉगल लावा आणि नमुना सावकाश फिरवा. पट्टे उमटले तर ती फिल्म घेऊ नका.

टेम्पर्ड काचेच्या गार्डवर ‘९ एच’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. तो एच पेन्सिलीचा आहे, मोहसचा नाही. ठरावीक दाबाने ९ एच ग्रेडची पेन्सिल ओढली तर ओरखडा पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्वार्ट्झचा कण त्या काचेलाही ओरखडतो. शिवाय हातभर लांबीच्या, किंचित वळलेल्या पडद्यावर काचेच्या कडा उचलल्या जातात. मोठ्या स्क्रीनला मी फिल्मच सुचवेन.

आता कुठे लावू नये. एअरबॅगचं झाकण आणि त्याचा सांधा यांवरून फिल्म जाता कामा नये. पुढच्या दोन्ही एअरबॅग आपल्याकडे आता सक्तीच्या आहेत. प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग डॅशबोर्ड फाडून डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर येते, आणि पुष्कळ गाड्यांत तो फाटण्याचा सांधा वरून दिसतही नाही. तिथे काहीही चिकटवणं म्हणजे त्या रचनेत ढवळाढवळ आहे, मग ती फिल्म असो, गणपतीची मूर्ती असो की घड्याळ. स्टिअरिंगच्या मधल्या भागालाही हेच लागू. ड्रायव्हरवर लक्ष ठेवणारा छोटा कॅमेरा, उजेडाचा सेन्सर आणि हेड-अप डिस्प्लेची खिडकी झाकू नये. दाणेदार आणि मऊ स्पर्शाच्या प्लॅस्टिकवर फिल्म नीट धरतच नाही. तिथे तिची गरजही नाही. खिडक्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मचा, ज्यावर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले, या विषयाशी संबंध नाही.

मग राहतं काय? गिअरभोवतीचं कन्सोल, मधला स्क्रीन, एसीचं स्पर्श-पॅनेल, दारावरच्या काचांच्या बटणांभोवतीची चकचकीत पट्टी आणि दाराचा उंबरठा. उंबरठा सगळे विसरतात, पण मुलांचे बूट आणि वाळूने भरलेल्या चपला तिथेच घासतात. एवढ्या पाच जागा झाल्या की झालं. संपूर्ण आतली गाडी गुंडाळून देण्याची पॅकेजेस मिळतात, पण त्यातला बराच पैसा जिथे ओरखडाच पडत नाही अशा ठिकाणी जातो.

वेळ महत्त्वाची. दसऱ्याला, पाडव्याला गाडी घरी येते, पूजा होते, पेढे वाटले जातात आणि फिल्मचा विचार चार महिन्यांनी सुचतो. तोपर्यंत जाळी पडलेली असते, आणि पारदर्शक फिल्मखाली ती बरीचशी तशीच राहते. पहिल्या आठवड्यात, पहिलं कोरडं फडकं फिरायच्या आत फिल्म लावावी. आणि कंपनीने वाहतुकीसाठी चिकटवलेलं पातळ प्लॅस्टिक त्याच दिवशी काढावं. ते संरक्षण म्हणून वर्षभर तसंच ठेवणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. ते ऊन सोसायला बनवलेलं नसतं. उन्हाळ्यानंतर काढायला गेलं की तुकडे हातात येतात आणि डिंक पॅनेलवर राहतो.

लावण्याच्या कामात तीन चतुर्थांश वेळ सफाईचा. सर्व्हिसिंगनंतर डॅशबोर्डला जे चमकदार पॉलिश मारतात त्यात बहुधा सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉनवर कुठलाच डिंक धरत नाही. आधी मऊ ब्रशने फटींतली धूळ काढावी, मग ओलसर फडक्याने उचलावी, शेवटी निम्मं पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसावं. ते थेट पॅनेलवर फवारू नये. मीटरच्या पुढच्या पारदर्शक प्लॅस्टिकला तर अल्कोहोल लावूच नये, कारण अॅक्रिलिकला त्याने केसासारख्या भेगा पडू शकतात. गाडी सावलीत, काचा बंद, एसी आणि पंखा बंद. आपल्या शर्टाचे धागेसुद्धा फिल्मखाली जातात, म्हणून बाह्या दुमडून बसावं.

टीपीयू ओल्यानेच लावतात. पाण्यात बेबी शाम्पूचे चार-दोन थेंब टाकले की ती पॅनेलवर सरकवता येते. बाहेरच्या रंगावर पाणी भरपूर मारतात. आत मात्र फवारा फक्त फिल्मच्या चिकट बाजूवर आणि बोटांच्या टोकांवर, तोही बेताचा. बटणांच्या आणि स्क्रीनच्या फटीत गेलेलं पाणी थेट विजेच्या भागांपर्यंत पोचतं. स्क्रीन बंद करून त्याच्या खालच्या कडेला सुकं फडकं दाबून ठेवावं. फिल्म आधी मध्यावर टेकवायची, जागा जुळवायची आणि रबरी स्क्विजीने मध्यातून कडेकडे पाणी काढत न्यायचं. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढलेला हवा. वळणावर फिल्म उचलून हेअर ड्रायरची ऊब द्यायची, अलगद ताणायची आणि गार होईपर्यंत अंगठ्याने दाबून धरायची. हीट गन आत नकोच. ट्रिमचं प्लॅस्टिक तिच्यापुढे पाहता पाहता वाकडं होतं. फिल्मची कड पॅनेलच्या कडेपासून अर्धा ते एक मिलिमीटर आत राहावी. अगदी काठापर्यंत आलेली कड बोटांना लागून उचलली जाते.

दुसऱ्या दिवशी फिल्मखाली धुरकट डाग आणि पाण्याचे छोटे बुडबुडे दिसतील. घाबरून सुई टोचू नये. ते ओलाव्याचे असतात आणि दोन-चार दिवसांत, पावसाळ्यात थोडे उशिराने, आपोआप जातात. बोटाने दाबलं की सरकतो तो हवेचा बुडबुडा. मधोमध ठिपका असतो ती धूळ. ही दोन्ही जात नाहीत.

स्क्रीनचं तयार मापाचं गार्ड घरी लावायला हरकत नाही. गिअरच्या कन्सोलला इतकी वळणं असतात की ते काम मी जाणकाराला देईन, पण एका अटीवर: फिल्म त्या गाडीच्या मापाने प्लॉटरवर आधीच कापलेली हवी. गाडीवर फिल्म पसरून तिथेच कटर फिरवणारे कारागीर आहेत. त्यांचा हात कितीही हलका असला तरी पात्याची रेघ खालच्या काळ्या प्लॅस्टिकवर उमटू शकते, आणि ती कायमची. हे आधी बोलून, बिलावर फिल्मचं नाव लिहून घ्यावं.

फिल्म लागली तरी फडकं ओलसरच हवं. पूजेची हळद लागली तर लगेच साबणाच्या पाण्याने पुसावी. उशीर झाला तर पिवळा डाग आत मुरतो. हळदीचा रंग उन्हात उडतो, त्यामुळे राहिलेला डाग काही दिवसांत फिका पडेल, पण त्यासाठी घासू नये. मूर्ती ठेवायची तर दुहेरी टेप कन्सोलच्या उघड्या पियानो ब्लॅकवर न लावता फिल्मवर लावावी, म्हणजे काढताना फक्त फिल्म खराब होईल.

कडा पिवळ्या पडू लागल्या, फिल्म बोटाला कडक लागू लागली की काढायची वेळ झाली. ड्रायरने कोमट करून एका कोपऱ्यापासून, पॅनेलला जवळजवळ समांतर ओढत, सावकाश काढावी. सरळ वर ओढली तर डिंक मागे राहतो. राहिलाच तर पातळ केलेल्या अल्कोहोलचं फडकं मिनिटभर त्यावर ठेवावं आणि मग बोटाने लोळवत गोळा करावा. नखाने खरवडू नये.