‘पोलीस आहेत ना, मग वेगळी केंद्रे कशाला?’

अमेरिका आणि कॅनडामध्ये घरातल्या मारहाणीला किंवा लैंगिक अत्याचाराला तोंड देणाऱ्या कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी स्त्रियांसाठी त्यांच्याच समाजातल्या स्त्रियांनी निवारागृहे, हेल्पलाइन आणि मदतगट उभे केले आहेत. साउथ डकोटातल्या रोझबड रिझर्व्हेशनवर लाकोटा स्त्रियांनी १९७७ मध्ये ‘व्हाइट बफेलो काफ वुमन सोसायटी’ स्थापन केली आणि १९८० मध्ये निवारागृह उघडले. अशा केंद्रांवरचा आक्षेप मात्र तेव्हापासून जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येतो: कायदा सर्वांना सारखा, ९११ फिरवला की पोलीस येतात, मग वंशानुसार वेगळी सोय कशाला?

पोलीस येतात, हे खरे. प्रश्न ते येऊन गेल्यानंतरचा आहे. मिलवॉकी शहरात १९८७-८८ मध्ये एक प्रयोग झाला. किरकोळ मारहाणीच्या तक्रारींत आरोपीला अटक करायची की समज देऊन सोडायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले गेले. लॉरेन्स शर्मन आणि हेदर हॅरिस यांनी २३ वर्षांनी त्याच स्त्रियांची माहिती पुन्हा तपासली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांच्या जोडीदाराला अटक झाली होती त्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर, जोडीदाराला समज देऊन सोडलेल्यांच्या तुलनेत ९८ टक्क्यांनी जास्त निघाला. गोऱ्या स्त्रियांत हा फरक ९ टक्के होता. बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या आजारांनी झाले होते, खुनाने नव्हे. हा एकाच शहराचा अभ्यास आहे आणि त्यावरून अटक कधीच करू नये असे ठरत नाही. पण ‘अटक झाली, बाई सुटली’ हे गणित तेवढे सरळ नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

याच शहराची आणखी एक कथा मॅथ्यू डेस्मंड आणि निकोल वाल्डेझ यांनी २०१३ मध्ये मांडली. एखाद्या घरातून वारंवार ९११ ला फोन गेले की घरमालकाला ‘उपद्रवा’ची नोटीस निघे. अशा नोटिसांपैकी जवळजवळ एक तृतीयांश कौटुंबिक हिंसाचाराच्या फोनमुळे निघालेल्या होत्या, कृष्णवर्णीय वस्त्यांवर त्यांचा रोख अधिक होता, आणि घरमालकांचा नेहमीचा उपाय म्हणजे भाडेकरूला बाहेर काढणे किंवा तशी धमकी देणे. मार खाल्ला म्हणून फोन केला, फोन केला म्हणून घर गेले! कॅनडात मूळ रहिवासी आईला धास्ती असते ती मुलांची. २०१६ च्या जनगणनेनुसार १४ वर्षांपर्यंतच्या मुलांत मूळ रहिवासी मुले ७.७ टक्के होती, पण सरकारने पालक-कुटुंबांत ठेवलेल्या मुलांत ती निम्म्याहून अधिक होती. तक्रारीमागोमाग बालकल्याण खात्याचा माणूस दारात येईल, ही भीती हवेतून आलेली नाही. समाजातल्या केंद्राकडे ती स्त्री आधी जाते याचे कारण भावनिक जवळीक एवढेच नाही. तिथे मदत मागितल्याची किंमत कमी पडते.

‘समाजाचे केंद्र म्हणजे पंचांसमोरची तडजोड’ ही समजूत जातपंचायती पाहिलेल्या मराठी वाचकाला सहज पटण्याजोगी आहे. प्रत्यक्षात संरक्षण आदेश मिळवून देणे, न्यायालयात सोबत जाणे हेही या केंद्रांचे काम असते आणि परत जायचे की नाही हे त्या स्त्रीने ठरवायचे असते.

‘आकडे कार्यकर्त्यांनी फुगवले’ असेही म्हटले जाते. कॅनडातल्या मूळ रहिवासी स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१० पर्यंत खून झालेल्या किंवा बेपत्ता स्त्रियांच्या ५८२ नोंदी जमवल्या होत्या. २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय पोलिसांनी १९८० ते २०१२ या काळातल्या देशभरच्या पोलीस नोंदी मोजल्या, तेव्हा आकडा १,१८१ भरला.

‘त्यांचेच पुरुष तसे’ हे तर निखालस खोटे. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेच्या २०१६ च्या अहवालानुसार हिंसा सोसलेल्या मूळ रहिवासी स्त्रियांपैकी ९७ टक्के स्त्रियांवर कधी ना कधी परवंशीय व्यक्तीने हिंसा केली होती. अशा आरोपींवर फौजदारी खटला चालवण्याचा अधिकार जमातींच्या न्यायालयांना नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला. २०१३ च्या कायद्याने तो अधिकार कौटुंबिक हिंसाचारापुरता परत दिला आणि २०२२ मध्ये त्यात लैंगिक अत्याचार व पाठलागही आले. त्यासाठी जमातीच्या न्यायालयाने आरोपीला वकील देण्यासारख्या अटी पाळाव्या लागतात. त्याला पैसा लागतो, आणि बहुतेक जमातींनी हा अधिकार अजून वापरायला घेतलेला नाही.