पर्वतीच्या पायऱ्या आणि माणिक चौक

नंदुरबारच्या माणिक चौकात उभे राहिले तर लांबचे काही दिसत नाही. जुन्या बाजारपेठेतला हा चौक. नजर चार पावलांवर अडते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, 'छोडो भारत'च्या हाकेला महिना होत असताना, गावातून निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण त्यात हुतात्मा झाले. हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता. चौकातले स्मारक या पाच जणांचे आहे.

बाहेरगावचा पाहुणा हे स्मारक पाहायला आला की साधारण पाच मिनिटांत मोकळा होतो. नावे वाचतो, हात जोडतो आणि 'आणखी काय पाहण्यासारखे आहे?' असे विचारतो. या प्रश्नात त्याची चूक नाही. स्मारक म्हटले की वर चढून जावे, तिथून सारे शहर दिसावे, शेजारी एखादे संग्रहालय असावे, अशी आपली अपेक्षा तयार झालेली आहे. या अपेक्षेचीच थोडी तपासणी करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू. उंचीवरून काय दिसते, संग्रहालयात काय उरते, आणि या दोहोंतून काय निसटते?

खानदेशात या गोष्टी एका जागी सापडत नाहीत. उंची आहे ती सातपुड्यात. तोरणमाळचे पठार आहे, आणि दिवाळीत धनत्रयोदशीला ज्याची यात्रा भरते तो अस्तंभा डोंगर आहे. जखमेला तेल मागत हिंडणाऱ्या अश्वत्थाम्याचे ते ठिकाण, अशी लोकांची श्रद्धा. जुन्या वस्तू आणि कागद पाहायचे तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जावे लागते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांच्या मागे ही संस्था उभी राहिली. त्याच आठवड्यात, २८ डिसेंबरला, नंदुरबारात शिरीषकुमारचा जन्म झाला होता. हा निव्वळ योगायोग. पण जुने कागद जमवणारा म्हातारा गेला आणि ज्याच्याविषयी पुढे कागद जमवावे लागणार होते तो मुलगा आला, एवढे त्यातून लक्षात राहते.

शहर, उंची, संग्रहालय आणि इतिहास एकत्र पाहायचे असतील तर मराठी माणसाला ओळखीचे ठिकाण म्हणजे पुण्याची पर्वती. म्हणून आधी पर्वती चढू आणि मग माणिक चौकात परत येऊ.

वरून दिसणारे पुणे

पर्वतीला एकशे तीन पायऱ्या आहेत. पायऱ्या रुंद आणि उतरत्या चढाच्या आहेत, त्यामुळे फार दमणूक होत नाही. टेकडीवरच्या मुळच्या देवीला मातोश्री काशीबाईंनी पायाच्या दुखण्यासाठी नवस केला, तो फळला आणि म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इथे देवालय बांधले, अशी कथा सांगतात. देवदेवेश्वराचे हे मंदिर १७४९ सालचे. त्याच्या आवारात विष्णू आणि कार्तिकेय यांचीही मंदिरे आहेत.

पावसाळा संपल्यावर, सकाळी लवकर गेले तर हवा स्वच्छ असते. नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो, दक्षिणेला कात्रजचे डोंगर. नानासाहेबांच्या काळात याच कात्रजहून दगडी नळांतून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणले गेले. पायथ्याशी सारसबाग आहे. आज तिथे हिरवळ दिसते, पण पेशवाईत ते तळे होते आणि आतल्या बेटावर गणपती होता. तळे गेले तरी पुणेकर त्याला 'तळ्यातला गणपती'च म्हणतात. जमिनीवरून चालणाऱ्याला हे नाव कोड्यात टाकते. पर्वतीवरून खालचा खोलगट भाग पाहिला की नावाचा उलगडा होतो.

उत्तरेला जुन्या पेठा आणि त्यांच्यात बुडालेला शनिवारवाडा. त्याच्याही पलीकडे, गणेशखिंडीच्या बाजूला, खडकी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी तिथे इंग्रजांशी लढाई जुंपली, बापू गोखले सैन्य चालवत होते, जरीपटका सांभाळताना मोरोपंत दीक्षित पडले, आणि दुसरा बाजीराव ही लढाई पर्वतीवरून पाहत होता. तो जिथून पाहत होता ती खिडकी आजही दाखवतात. तिथे उभे राहिल्यावर पहिला विचार येतो तो अंतराचा. मधे कित्येक कोसांची जागा आहे. दिसला असेल तो धुरळा आणि तोफांचा धूर. पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या कितीतरी पट मोठे होते, पण निर्णय घेण्याइतके स्पष्ट त्या खिडकीतून काही दिसणे शक्य नव्हते. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. उंचीवरून खूप दिसते हे खरे, पण जवळचे दिसत नाही, हे पुस्तकात वाचून जेवढे पटत नाही तेवढे या खिडकीशी पटते.

संग्रहालयातल्या वस्तू

आवारातच पेशवे संग्रहालय आहे. नाणी, शस्त्रे, जुनी चित्रे, हस्तलिखिते, रोजच्या वापरातली भांडीकुंडी अशा वस्तू तिथे मांडलेल्या आहेत. बहुतेक पाहुणे देवदर्शन, मग संग्रहालय आणि शेवटी 'व्ह्यू' असा क्रम धरतात. हा क्रम उलटा करावा, असे आमचे मत आहे. आधी कठड्याशी उभे राहून शहर पाहावे, मग संग्रहालयात जावे आणि पुन्हा एकदा कठड्याशी यावे. काचेमागची तलवार एकटी पाहिली तर ती कुठल्याही संग्रहालयातली तलवार असते. गणेशखिंडीची दिशा नुकतीच डोळ्यांत भरून आलेल्या माणसाला ती वेगळी दिसते. वस्तूला तिची जागा परत मिळवून देणे, हे उंचीवरच्या संग्रहालयाचे खरे बळ आहे.

नानासाहेबांचा शेवट याच टेकडीवर झाला. १४ जानेवारी १७६१ला पानिपत झाले. मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर नानासाहेबांनी प्राण सोडला. त्या पाच महिन्यांतला माणूस कोणत्याही काचेच्या कपाटात सापडत नाही. तो थोडाफार सापडतो पत्रांत. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला तो नेमका पानिपतपर्यंतच्या काळातल्या पत्रांचा होता. म्हणजे पुण्याच्या टेकडीवरचे दृश्य पुरते समजण्यासाठी ज्या माणसाच्या कष्टांकडे वळावे लागते, त्याचे कार्य सांभाळणारी संस्था खानदेशात आहे. स्मारक एका गावात आणि त्याची किल्ली दुसऱ्या गावात, असे पुष्कळदा असते.

कठड्यावरून न दिसणारे

आता तिसरी गोष्ट. पर्वतीच्या पायथ्याशी 'रमणा' होता. श्रावणात तिथे देशोदेशीच्या ब्राह्मणांना पेशव्यांकडून दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर या दक्षिणेचे काय करायचे, हा प्रश्न एल्फिन्स्टनपुढे आला. त्यातला काही पैसा वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लोकहितवादींसारख्या तरुण सुधारकांनी आग्रह धरला, की या निधीतून मराठी पुस्तकांना उत्तेजन द्यावे. सनातन्यांनी त्यावर गहजब केला, पण 'दक्षिणा प्राइझ' सुरू झाले आणि आरंभीच्या कित्येक मराठी ग्रंथांना त्याचा आधार मिळाला. दिवाळी अंकाच्या वाचकाने पर्वतीच्या पायथ्याशी क्षणभर थांबावे, ते या ऋणासाठी. आपण जे वाचतो-लिहितो त्याचा एक झरा त्या रमण्यातून आला आहे.

पण रमण्यात कोणाला प्रवेश होता, याच्याइतकाच पायऱ्यांवर कोणाला होता, हाही प्रश्न आहे. ज्या एकशे तीन पायऱ्या आपण गप्पा मारत चढतो, त्या चढून देवापुढे उभे राहण्याची पुण्यातल्या अस्पृश्यांना बंदी होती. विनंत्या झाल्या, नकार आले. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदींच्या पुढाकाराने पर्वती सत्याग्रह सुरू झाला. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्ते सोबत होते. मंदिराचे दार बंद करण्यात आले. सत्याग्रहींवर दगड आले, राजभोज जखमी झाले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह दोन वर्षांपूर्वी झालेला होता आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा काही महिन्यांनी, २ मार्च १९३०ला, सुरू व्हायचा होता. या दोहोंच्या मधले पर्वतीचे नाव मात्र सहलीच्या गप्पांत कधी निघत नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये अमळनेरच्या शाळेतले एकेकाळचे मास्तर साने गुरुजी उपोषणाला बसले, आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला.

हे कळल्यावर कठड्याशी उभे राहण्याचा अर्थ बदलतो. 'इथून सारे पुणे दिसते' हे वाक्य १९२९ साली पुण्यातल्या सगळ्यांना म्हणता येत नव्हते. उंचीवरचे दृश्य नैसर्गिक वाटते, हवेसारखे सर्वांचे वाटते. पण ते कोणीतरी बांधलेल्या पायऱ्यांवरून मिळते, आणि पायऱ्यांवर कोणी यायचे हे कोणीतरी ठरवलेले असते. आजही पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत दाटीने चढत गेली आहे. पायथ्याच्या सहकारनगर भागात १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुराने बेघर झालेल्यांना वसवले गेले. छायाचित्र काढणारा पाहुणा शनिवारवाडा शोधतो, सिंहगड शोधतो. पायांखालची ही घरे त्याच्या चौकटीत येतात, पण त्यांची चौकशी होत नाही. खडकीची लढाई पाहणाऱ्या बाजीरावाची अडचण आणि आपली अडचण फारशी वेगळी नाही.

परत माणिक चौकात

पर्वतीवरून उतरून नंदुरबारला यावे ते हे ध्यानात ठेवून. माणिक चौकात उंची नाही, म्हणून अंतरही नाही. बाजीराव लढाईपासून कोसांवर होता. इथे आपण प्रत्यक्ष घटनेच्या जागी उभे असतो. नजर जिथे अडते तिथेच त्या दिवशी त्या मुलांचीही अडली असणार. मिरवणूक वळताना समोरचे दिसते, वळणापलीकडचे दिसत नाही. मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली गेली तेव्हा शिरीषकुमार पुढे झाला, अशी आठवण गावात सांगतात. ती ऐकताना चौकाची रुंदी डोळ्यांनी मोजून पाहावी. बंदूक आणि छाती यांच्यात किती कमी जागा असेल ते समजते. कोणत्याही मनोऱ्यावरून हे समजणार नाही.

तेव्हा पाहुण्याच्या 'आणखी काय?' या प्रश्नाला आमचे उत्तर असे. स्मारकापाशी नुसते थांबू नये, स्मारकापर्यंत चालत यावे. जुन्या गावाच्या रस्त्यांनी, शक्य तर शाळकरी मुलांना बरोबर घेऊन, आणि वाटेत जुन्या माणसांना विचारत यावे. पाचही नावे वाचावीत, कारण एक नाव मोठे झाले की उरलेली चार त्याच्या सावलीत जातात. ती नावे नीट वाचली तर गावाची घडणही त्यांत दिसते. मेहता, शहा, वाणी, केतकर. घरी गुजराती बोलणारी मुले आणि मराठी बोलणारी मुले एका मिरवणुकीत होती, आणि शिरीषकुमारच्या तोंडची म्हणून जी घोषणा सांगतात ती गुजरातीत होती. पुढे भाषांवरून राज्ये झाली, १ मे १९६०ला सीमा आखली गेली. १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा निघालेला नंदुरबार जिल्हा आज त्या सीमेला लागून आहे. ही सीमा कशातून गेली आहे, हे नकाशापेक्षा या पाच नावांतून अधिक कळते.

संग्रहालय उभारायला पैसा लागतो, मनोरा बांधायला त्याहून अधिक. पण त्या दिवसाच्या आठवणी घराघरांतून जमवायला वही आणि थोडी चिकाटी पुरते. राजवाडे गावोगाव पायी हिंडून, दप्तरे हुडकत, याहून फार जास्त साधनांनिशी काम करत नव्हते. १९४२चा चौक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या पुढे आहेत. हे काम पुढच्या दिवाळीवर टाकण्यासारखे नाही.