एकतीस लाख वेळा

मावशीचा व्हॉल्व्ह बदलला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पहिले तीस दिवस जपा." हृदयाच्या ऑपरेशनचा सुरुवातीचा निकाल जगभर बहुधा याच तीस दिवसांवर मोजतात. मला महिना म्हणजे थोडाच काळ वाटला. देहूरोडच्या घरी तिच्या खाटेशेजारी बसून हिशेब केला आणि छातीत धस्स झालं. मिनिटाला ७२ ठोके, दिवसाला १,०३,६८०, तीस दिवसांत ३१,१०,४००. तेवढ्या वेळा व्हॉल्व्हमधल्या चकतीने उघडायचं आणि मिटायचं, एकदाही न अडता.

मिटणंही सोपं नाही. हा मायट्रल व्हॉल्व्ह, हृदयाच्या डावीकडच्या दोन कप्प्यांमधला. खालचा कप्पा आवळला की पाऱ्याचा १२० मिलिमीटर दाब त्याने थोपवायचा. पाण्यात मोजला तर पाच फूट चार इंच उंच स्तंभाचा, मावशीच्या डोक्यावरून जाईल एवढा. मिनिटाला पाच लिटर रक्त धरलं, तर महिन्यात २,१६,००० लिटर. दहा हजार लिटरचे एकवीस टँकर भरून वर उरेल!

तिला बसवलाय तो चित्रा व्हॉल्व्ह, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने घडवलेला. आधीची तीन रूपं टिकली नाहीत, पण माणसं हटली नाहीत. चौथं रूप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसलं आणि आजवर लाखाहून अधिक जणांना ते लाभलंय. यांत्रिक व्हॉल्व्हची उघडझाप चाचणीत ४० कोटी वेळा करून बघतात, म्हणजे साडेदहा वर्षांची धडधड.

म्हणून भीती चकतीची नाही, रक्ताची. टाक्यांच्या कडीवर शरीराचं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी धरण्याचा धोका जास्त. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी. ती कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. त्या दोन्हींच्या मधली वाट आयएनआर नावाचा आकडा दाखवतो. मावशीचा तीनच्या आसपास हवा. परवा २.८ आला. तिने लगेच विचारलं, "मेथी खाऊ ना?" खायची, पण रोज सारखीच, एक दिवस जुडीभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं नको, नाहीतर हा आकडा हलतो.

कार्बनच्या व्हॉल्व्हची टिकटिक शेजारच्यालाही ऐकू येते. हिची चकती प्लास्टिकची, आवाज मऊ. रात्री शेवटची लोकल गेली की मी तिच्या छातीजवळ कान नेतो. टक्. टक्.